उपकारस्तुती : ख्रिस्ती जीवनाची दैनंदिन साधना

विनंती करताना आपल्याला शब्द शोधावे लागत नाहीत. मुलाची परीक्षा, आईचे आजारपण, लांबलेली नोकरी, पावसाअभावी पिवळे पडलेले भात. गरज स्वतःच बोलू लागते. गरज भागली की मात्र आपली प्रार्थना आखूड होते. नोव्हेनाला नऊ आठवडे न चुकता गेलेले आपले पाय दहाव्या आठवड्यात आभार मानायला जातातच असे नाही. हे आम्ही इतरांविषयी लिहीत नाही. स्वतःला त्यातच धरून लिहीत आहोत.

कृतज्ञता ही मनात कधीतरी दाटून येणारी भावना आहे, अशी आपली समजूत असते. ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी आहे. उपवास, दानधर्म आणि जपमाळ यांप्रमाणेच उपकारस्तुती हीदेखील साधना आहे. ती शिकावी लागते, ठरलेल्या वेळी करावी लागते आणि मन कोरडे असतानाही करावी लागते. या साधनेचा पाया, तिची परंपरा, तिच्यातील धोके आणि रोजच्या दिवसात तिला स्थान कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू या.

शब्दांचा अर्थ

'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. याउलट 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. कृतज्ञतेचा आरंभ भावनेत नसून जाणण्यात आहे, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. कोणी काय केले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आभार कसे मानता येतील? मराठी बायबलमध्ये यासाठी 'उपकारस्तुती' असा सुंदर शब्द योजलेला आहे. त्यात दोन पायऱ्या आहेत. आधी उपकार ओळखायचा आणि मग उपकारकर्त्याची स्तुती करायची. पहिली पायरी गाळली तर स्तुती पोकळ होते. दुसरी गाळली तर उपकार आपल्यापाशीच अडून राहतो.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत यासाठी 'युखारिस्तिया' हा शब्द आहे. आपण ज्याला पवित्र मिस्सा म्हणतो त्या संस्काराचे प्राचीन नाव हेच आहे. ख्रिस्तसभेने आपल्या सर्वश्रेष्ठ उपासनेला 'आभारप्रदर्शन' हे नाव दिले, यावरून कृतज्ञतेचे तिच्या जीवनातील स्थान ध्यानात यावे.

परत फिरलेला एक

संत लूक यांनी दहा कुष्ठरोग्यांची घटना नोंदविली आहे (१७:११-१९). शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून प्रभू येशू जात असता दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून त्याच्याकडे दयेची याचना करतात. नियमानुसार याजकांना दाखवून येण्यास तो त्यांना सांगतो आणि वाटेतच ते शुद्ध होतात. त्यांपैकी एकजण परत फिरतो, प्रभूच्या पायांशी पडतो आणि त्याचे आभार मानतो. तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका असतो. उरलेले नऊजण कोठे आहेत, असा प्रश्न प्रभू विचारतो.

हा उतारा ऐकताना आपण त्या नऊजणांना दुष्ट ठरवून मोकळे होतो. परंतु त्यांनी आज्ञा मोडलेली नव्हती. त्यांना याजकांकडे जायला सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. कदाचित त्यांना घरी पोहोचण्याची घाई असेल. वर्षानुवर्षे ज्या लेकरांना जवळ घेतले नव्हते, त्यांच्या ओढीने पाऊल पुढे पडत असेल. ते आपल्यासारखेच होते. शरीराचे आरोग्य दहाही जणांना लाभले. श्रद्धेने तुझे तारण केले, हे शब्द मात्र परत फिरलेल्या एकालाच ऐकू आले. नऊजणांना दान मिळाले. दहाव्याला दान मिळाले आणि दाताही भेटला.

या एका घटनेत उपकारस्तुतीचे सारे स्वरूप सामावलेले आहे. कृतज्ञता म्हणजे परत फिरणे. त्यासाठी पुढची वाट क्षणभर थांबवावी लागते. ज्या साधनेविषयी आपण बोलत आहोत ती दररोज काही क्षण परत फिरण्याची साधना होय.

जुन्या करारातील मुळे

इस्राएल लोकांना परत फिरण्याची ही सवय विधीद्वारे लावण्यात आली होती. अनुवादाच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायानुसार शेतकऱ्याने भूमीचे प्रथमफळ टोपलीत घालून याजकाकडे न्यायचे आणि वेदीपुढे आपल्या लोकांचा इतिहास उच्चारायचा. भटके पूर्वज, मिसर देशातील दास्य, देवाने केलेली सुटका आणि दिलेली भूमी हे सर्व सांगून झाले की मगच टोपली अर्पण करायची. पीक आपल्या घामाचे असले तरी त्यामागे आपल्या आधी सुरू झालेली कृपेची दीर्घ कथा आहे, याचे ते स्मरण होते. त्याच अध्यायात या आनंदात लेवी आणि परदेशी यांनाही सामील करून घेण्याची आज्ञा आहे. आभार मानणाऱ्याचे दार उघडे असले पाहिजे, असा त्याचा अर्थ.

लेवीयच्या पुस्तकात (७:११-१५) उपकारस्तुतीच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. त्यात भाकरींबरोबर बळीचे मांस असे आणि ते त्याच दिवशी खाऊन संपवायचे असे. सकाळपर्यंत काही ठेवायचे नसे. आजचे आभार आजच, हा धडा त्यातून आपल्याला घेता येईल.

ही परंपरा आपल्या लोकजीवनालाही परकी नाही. मुंबई, साष्टी व वसई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. भाताची नवी कणसे आशीर्वादासाठी मिरवणुकीने चर्चमध्ये आणली जातात. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टमध्ये येते. राय गावी ते ५ ऑगस्टला असते. आज ज्यांच्या घरी शेत उरलेले नाही तेही या सोहळ्यात उभे असतात. त्यांनी हा केवळ जुना सण समजू नये. महिन्याचा पगार, पेन्शन, दुकानाचा गल्ला हीच आता आपली कणसे आहेत. ती आपण कधी वेदीपर्यंत नेतो का, हा प्रश्न आगेरा आपल्याला दरवर्षी विचारतो.

पवित्र मिस्सा : आभाराची शाळा

ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले, असे संत पौल करिंथकरांस लिहितात (१ करिंथ ११:२३-२४). ही वेळ विसरता कामा नये. समोर विश्वासघात, यातना आणि मृत्यू उभे असताना प्रभूने पित्याचे आभार मानले. आपली मिस्सा त्या आभारातच जन्मली आहे.

इसवी सन १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या आपल्या समर्थनग्रंथात त्या काळच्या उपासनेचे वर्णन केले आहे. भाकर आणि द्राक्षारस यांवर अध्यक्ष दीर्घ उपकारस्तुती करतो आणि सारे लोक 'आमेन' म्हणून तिला संमती देतात, असे ते सांगतात. आजही हाच क्रम आहे. अंतःकरणे वर उचलून देवाचे आभार मानण्याचे आवाहन धर्मगुरू करतात आणि हे योग्य व न्याय्य असल्याचे उत्तर आपण देतो. 'न्याय्य' या शब्दावर थोडे थांबावे. आभार हे आपण देवावर केलेले उपकार नव्हेत. ते त्याचे देणे आहे. सामान्य दिवसांच्या एका प्रस्तावनेत ख्रिस्तसभा असेही कबूल करते, की देवाला आपल्या स्तुतीची गरज नाही. आभार मानण्याची इच्छा हीसुद्धा त्याचीच देणगी असून तिचा लाभ आपल्यालाच होतो.

रविवारच्या मिस्साला येताना सरत्या आठवड्यातील निदान एक उपकार मनात धरून यावे. अर्पणाच्या वेळी तो भाकर व द्राक्षारसासोबत ठेवावा आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरच्या शांततेत विनंतीआधी आभार मानावेत. असे केले तर मिस्सा ही केवळ उपस्थिती राहणार नाही.

संत इग्नेशियस यांची रात्रीची तपासणी

घरी, एकट्याने, दररोज करावयाच्या कृतज्ञतेची सर्वांत सुस्पष्ट पद्धत लोयोलाचे संत इग्नेशियस (१४९१-१५५६) यांनी दिली. हा स्पॅनिश योद्धा १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या जीवनाने वळण घेतले. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या शब्दांत त्या अशा :

१. लाभलेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे.
२. आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे.
३. सकाळपासून आतापर्यंतच्या विचारांचा, शब्दांचा व कृतींचा झाडा घेणे.
४. चुकांबद्दल क्षमा मागणे.
५. देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करणे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आपण बहुधा थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. पापांची यादी करतो, खंतावतो आणि झोपी जातो. संत इग्नेशियस आधी उपकार मोजायला लावतात. घरात दिवा लावल्यावरच कोपऱ्यातील धूळ दिसते. आपल्याला किती दिले गेले आहे हे कळले, की आपण कोठे कमी पडलो हेही कळते, आणि ते निराश न होता कळते. मार्च १५४२ मध्ये पोर्तुगालमधील आपले सहकारी सिमाओ रॉड्रिग्ज यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कृतघ्नता हीच सर्व पापांचे मूळ असल्याचे मत मांडले आहे. ज्याला सारे काही आपले हक्काचे वाटते, त्याच्या मनात लोभ, मत्सर आणि अहंकार यांना जागा आपोआप मिळते.

ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते. तिला पुस्तक लागत नाही. तिच्यात एकच पथ्य पाळावे. उपकार ठोक भावाने मोजू नयेत. 'सर्व कृपांसाठी आभार' या शब्दांत काहीच जाणलेले नसते. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये अनोळखी माणसाने सरकून दिलेली जागा, शेजारणीने दिलेली वाटीभर भाजी, नातवाने विचारलेला प्रश्न, रात्री न दुखलेला गुडघा. असे नाव घेऊन आभार मानावेत.

दुःखाच्या घरात काय?

येथे खरी अडचण उभी राहते. ज्या घरातून कालच शवपेटी निघाली, त्या घराला कृतज्ञतेविषयी काय सांगायचे? कारखाना बंद पडून घरी बसलेल्या बापाला काय सांगायचे? 'देवाची इच्छा, त्याचे आभार माना' असे म्हणणारी माणसे सांत्वनाला आलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ते शब्द जखमेवर मीठ होऊन पडतात.

संत पौल थेस्सलनीकाकरांस लिहितात त्याचा भाव असा, की सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करावी (१ थेस्सल. ५:१८). 'परिस्थितीत' आणि 'परिस्थितीबद्दल' यांत अंतर आहे. इफिसकरांस पत्रात (५:२०) सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्याची भाषा येते, हे खरे. परंतु तिचा अर्थ वाईट गोष्ट देवाची भेट ठरते असा नव्हे. कोणतीही घटना देवाच्या हाताबाहेर नाही, असा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटी योसेफ आपल्या भावांना हेच सांगतो (५०:२०). त्यांनी केले ते वाईटच होते. देवाने त्यातून चांगले घडविले.

याहून मोठा आधार लाजारच्या कबरीपाशी मिळतो. संत योहान यांच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या मित्रासाठी रडतो (११:३५) आणि थोड्याच वेळात, त्याच कबरीपुढे, पित्याचे आभार मानतो (११:४१). अश्रू आधी आले आणि आभारांनी ते खोटे ठरविले नाहीत. शोक करणाऱ्याला घाईने आभार मानायला लावणे म्हणजे प्रभूने जे अश्रू ढाळले ते पुसून टाकणे होय.

दुःखाच्या काळात ही साधना लहान करावी, पण सोडू नये. त्या दिवशी मृत्यूबद्दल आभार मानायचे नाहीत. त्या माणसासोबत जगलेल्या वर्षांबद्दल मानावेत. तेही जमत नसेल तर रात्री उशाशी बसून राहिलेल्या बहिणीबद्दल मानावेत. आणि काहीच जमत नसेल तर इतरांना आपल्या वतीने मिस्सामध्ये आभार मानू द्यावेत. ख्रिस्तसभा ही एकट्याची प्रार्थना नाही.

खोटी कृतज्ञता

शुभवर्तमानात आभाराची एक चुकीची प्रार्थनाही आहे. मंदिरात उभा राहिलेला परुशी देवाचे आभारच मानतो (लूक १८:११). मात्र ते आपण इतरांसारखे नसल्याबद्दल! 'त्यांच्यापेक्षा आपले बरे आहे' हा विचार कृतज्ञतेचा वेष घालून आपल्याही मनात शिरतो. शेजाऱ्याच्या संकटाशी तुलना करून मिळालेले समाधान म्हणजे उपकारस्तुती नव्हे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. 'मिळते त्यात समाधान मान' हे वाक्य अनेकदा ज्याला कमी दिले जाते त्याला, कमी देणाराच ऐकवतो. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार थकवून तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हे पाप आहे. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते, असे संत याकोबांच्या पत्रात सांगितले आहे (५:४). न्याय्य वेतन ही मजुराची हक्काची बाब असल्याचे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात स्पष्ट केले. नवऱ्याची मारझोड सोसणाऱ्या भगिनीलाही 'संसार आहे यातच देवाचे आभार मान' असे कोणी सांगू नये. कृतज्ञता देवापुढे नम्र करते. ती अन्यायापुढे मुके करीत नाही.

दिवसाची आखणी

सकाळी : डोळे उघडताच, मोबाइल हाती घेण्यापूर्वी, नव्या दिवसाबद्दल आभार मानावेत. ख्रिस्तसभेच्या प्रातःप्रार्थनेत रोज जखऱ्याचे स्तोत्र म्हटले जाते. कित्येक महिने मुका राहिलेल्या त्या वृद्ध याजकाची जीभ मोकळी झाली, तेव्हा तिने प्रथम देवाची स्तुती केली (लूक १:६४). आपला दिवसातला पहिला शब्द कोणता असतो?

जेवताना : संत पौल कैदी म्हणून रोमकडे नेले जात असता त्यांचे जहाज वादळात सापडले. चौदा दिवस लोकांनी धड अन्न घेतले नव्हते. तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष भाकर घेऊन देवाचे आभार मानले आणि मग ती खाल्ली. जहाजावर २७६ माणसे होती (प्रेषितांची कृत्ये २७:३३-३७). जहाज अजून वाचलेले नव्हते. वादळात होडी काय असते हे आपल्या कोळी बांधवांना सांगण्याची गरज नाही. आपल्या ताटापुढे तर वादळही नसते. तेव्हा क्रुसाची खूण करून दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? दूरदर्शन तेवढा वेळ बंद ठेवता येईल.

घरात : पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ च्या आपल्या भाषणात कुटुंबासाठी तीन शब्द सांगितले होते : परवानगी विचारणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. आपल्याकडे 'घरच्यांचे कसले आभार?' असे म्हटले जाते. 'धन्यवाद' हा शब्द आईला किंवा सुनेला उद्देशून जिभेवर येत नाही आणि आला तर परका वाटतो. तसे असेल तर शब्द बदलावा. 'आज कालवण झकास झालं होतं', 'दमलीस, आता जरा बस, भांडी मी आवरतो' ही आपल्या घरातली उपकारस्तुतीच आहे. मात्र ती मनात न ठेवता बोलून दाखवावी, आणि भांडी खरोखर आवरावीत.

रात्री : वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांनी दिवस मिटावा. कुटुंबाच्या जपमाळेनंतर लहानमोठ्या प्रत्येकाने दिवसातील एक उपकार नाव घेऊन सांगावा. मुले यात मोठ्यांच्या पुढे असतात, असा आमचा अनुभव आहे.

उपकारांची वही ठेवणेही उपयुक्त ठरते. २००३ साली रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याच्या कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपल्या जीवनाविषयी अधिक समाधान वाटल्याचे आढळले. हे स्वागतार्हच आहे. तथापि समाधान हे या साधनेचे फळ आहे, हेतू नव्हे. वहीतील यादी कोणाला तरी उद्देशून वाचली गेली पाहिजे. यादी करून न थांबता दात्याकडे परत फिरणे, येथेच ख्रिस्ती साधना वेगळी ठरते.

समारोप

ही साधना एका दिवसात जमत नाही. पहिले काही दिवस तेच तेच चार उपकार आठवतील, मग कंटाळा येईल, मग एखादी रात्र चुकेल. चुकलेल्या रात्रीबद्दल हळहळत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. शुद्ध होऊन पुढे निघून गेलेल्या नऊजणांनाही उद्या परत फिरता आले असते. प्रभूने त्यांच्याविषयी विचारले ते शाप देण्यासाठी नव्हे. तो त्यांची वाट पाहत होता.

आज रात्री निजण्यापूर्वी आपण एवढेच करू या. दिवसातील एक उपकार नाव घेऊन आठवू या, त्याबद्दल प्रभूचे आभार मानू या, आणि तो उपकार ज्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत आला त्याला उद्या सकाळी दोन शब्दांनी कळवू या.

हे पित्या, मागताना आम्हाला तुझी आठवण होते. मिळाल्यावरही होऊ दे. आमच्या डोळ्यांना उपकार दिसू दे, आमच्या पायांना परत फिरण्याचे बळ दे, आणि ज्यांना आज आभार मानणे जमत नाही त्यांच्या वतीने आमचे आभार स्वीकार. आमेन.